एनिग्मा, लॉरेन्झ आणि ट्युरिंगच्या सावलीत राहिलेली माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या सांकेतिक लढाईवर मी गेली काही वर्षं वाचनालयांत आणि शाळा-कॉलेजांत बोलतो. जर्मन सैन्य आपले संदेश एनिग्मा नावाच्या, टंकयंत्रासारख्या दिसणाऱ्या यंत्रानं सांकेतिक करून पाठवायचं, आणि ते फोडायचं ब्रिटनमधलं काम ब्लेचली पार्क इथे चालायचं. बोलणं संपलं की हात वर होतात, आणि निम्मे प्रश्न तरी दर वेळी तेच असतात. त्यांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हे पान. माझे वडील टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला होते. टॉमी फ्लॉवर्स या माणसावर मी इथे जरा जास्तच रेंगाळलो आहे, त्याचं एक कारण ते.

ब्लेचली पार्क म्हणजे नेमकं काय होतं?

लंडनच्या वायव्येला साधारण ८० किलोमीटरवर, बकिंगहॅमशायर परगण्यात एका धनिकाचा जुना बंगला आणि त्याभोवतीचं आवार. १९३८ मध्ये ही जागा ब्रिटिश गुप्तवार्ता खात्याकडे आली. लंडनपासून सुरक्षित अंतरावर, आणि रेल्वेचं जंक्शन अगदी हाकेच्या अंतरावर. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडच्या प्राध्यापकांना सोयीचं. शत्रूचे बिनतारी संदेश पकडणारी ठाणी वेगळीकडे होती. पकडलेले संदेश इथे यायचे, इथे फोडले जायचे, भाषांतर होऊन योग्य त्या सेनापतीकडे जायचे. आवारात लाकडी बराकी उभ्या राहिल्या आणि त्यांना नंबर पडले: बराक ६ कडे जर्मन लष्कर आणि हवाई दल, बराक ८ कडे नौदल. युद्ध संपत आलं तेव्हा आसपासची केंद्रं धरून माणसांची संख्या दहा हजारांच्या घरात होती.

एनिग्मा अ‍ॅलन ट्युरिंग यांनी एकट्यानं फोडला ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याच उत्तराला मी सगळ्यात जास्त वेळ देतो.

एनिग्मा पहिल्यांदा फुटला तो डिसेंबर १९३२ मध्ये, वॉर्सात. फोडणारा होता मारियान रेयेव्स्की नावाचा २७ वर्षांचा गणितज्ञ. ब्रिटिश गणितज्ञ ट्युरिंग तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होते. पोलंडच्या संकेत विभागानं १९२९ मध्ये पोझनान विद्यापीठातल्या निवडक गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक लिपीचा एक वर्ग चालवला होता. पोझनानच का, तर तो भाग पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनीच्या ताब्यात होता आणि तिथल्या पोरांना जर्मन चांगली यायची. त्या वर्गातून तिघं पुढे आली: रेयेव्स्की, हेन्रिक झिगाल्स्की आणि येर्झी रुझित्स्की.

त्यांना मदत झाली ती हान्स-थिलो श्मिट या जर्मन माणसाची. बर्लिनच्या संकेत कार्यालयातला हा कर्मचारी पैशांसाठी एनिग्माची माहितीपत्रकं फ्रेंचांना विकत होता. फ्रेंचांनी ती पोलंडला दिली. कागद हाती होते, पण यंत्राच्या आतली, अक्षरं बदलणारी फिरती चक्रं कशी जोडलेली आहेत ते त्यात नव्हतं. रेयेव्स्की यांनी ते गणितानं काढलं. संकेतशास्त्र तोवर भाषापंडितांचं आणि कोडी सोडवणाऱ्यांचं काम मानलं जाई. या माणसानं तिथे शुद्ध बीजगणित आणून बसवलं.

एक अडचण फार बोलकी आहे. एनिग्माच्या कळा पहिल्या चक्राला कोणत्या क्रमानं जोडल्या आहेत हे कळत नव्हतं. बाजारात मिळणाऱ्या एनिग्मात तो क्रम कळफलकाप्रमाणे होता. लष्करी यंत्रात तो जुळेना. रेयेव्स्की यांनी विचार केला, जर्मन माणूस शिस्तीचा. साध्या वर्णक्रमानंच जोडलं असेल तर? आणि तसंच निघालं. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळ पिरीच्या जंगलात पोलिशांनी ब्रिटिश आणि फ्रेंच पाहुण्यांना आपलं सगळं काम दाखवलं, तेव्हा ब्रिटनचे मुरलेले संकेततज्ज्ञ डिली नॉक्स यांनी हाच प्रश्न विचारला होता. उत्तर ऐकून ते आधी संतापले. इतकी साधी गोष्ट त्यांनाही सुचली नव्हती. नंतर त्यांनी तिघांना रेशमी रुमाल भेट पाठवले.

पोलिशांनी दोन्ही देशांना आपण बनवलेलं एनिग्माचं एकेक प्रतियंत्र देऊन टाकलं. लंडनचं यंत्र पोचलं ऑगस्टच्या मध्यावर. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या.

मग ट्युरिंग यांनी काय केलं?

खूप काही, आणि ते कमी लेखायचा माझा मुळीच हेतू नाही. पोलिशांची पद्धत जर्मन संदेशातल्या एका सवयीवर उभी होती, आणि जर्मनांनी मे १९४० मध्ये ती सवय सोडली. ट्युरिंग यांनी त्याआधीच वेगळ्या तत्त्वावरचं यंत्र रचून ठेवलं होतं: संदेशात अमुक शब्द असणारच असा अंदाज धरायचा, आणि त्या अंदाजाशी न जुळणाऱ्या मांडण्या यंत्रानं झपाट्यानं बाद करायच्या. हे 'बॉम्ब' यंत्र मार्च १९४० मध्ये ब्लेचलीत आलं. ब्लेचलीतलेच गणितज्ञ गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात एक जोडणी सुचवली आणि यंत्राचा वेग कैक पटींनी वाढला. कागदावरची ही कल्पना प्रत्यक्ष यंत्रात उतरवली ती लेचवर्थच्या कारखान्यातले इंजिनिअर हॅरल्ड कीन यांनी. या तिघांपैकी दोघांची नावं आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतात.

एनिग्मा एवढा अवघड होता तर त्यात कच्चा दुवा कुठला?

लष्करी एनिग्माच्या शक्य मांडण्या मोजल्या तर १५९ वर १८ शून्यं इतका आकडा येतो. एकेक करून तपासणं कुणालाच शक्य नव्हतं. पण यंत्राच्या रचनेतच एक खोट होती. त्यात वीज परत फिरवणारा एक भाग होता, आणि त्यामुळे कुठलंही अक्षर स्वतःच्या जागी कधीच येऊ शकत नव्हतं. 'क' दाबलं तर 'क' सोडून काहीही.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मेव्हिस लीव्हर यांचं. त्या १९ वर्षांच्या होत्या, जर्मन साहित्याचा अभ्यास अर्धवट सोडून आलेल्या, आणि डिली नॉक्स यांच्या हाताखाली इटालियन नौदलाच्या एनिग्मावर काम करत होत्या. एक लांबलचक संदेश समोर आला. त्यात एकही एल नव्हता. एवढ्या मजकुरात एक अक्षर अजिबात येऊ नये? त्यांच्या लक्षात आलं, की पलीकडच्या यंत्रचालकाला नुसता खोटा, चाचणीचा संदेश पाठवायला सांगितलं असणार, आणि त्यानं कंटाळून एकच कळ दाबत ठेवली असणार. एल. संपूर्ण संदेशाचा मूळ मजकूर हातात आला, आणि त्यावरून एका चक्राची जोडणी.

त्याच टेबलावर मार्च १९४१ मध्ये एक छोटा संदेश फुटला, तीन दिवसांवर आलेल्या मोहिमेचा. इटालियन आरमार निघालं आहे हे भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश ताफ्याला आधी कळलं. केप मटापानच्या लढाईत इटलीच्या तीन जड क्रूझर आणि दोन विनाशिका बुडाल्या. हल्ल्याआधी ब्रिटिशांनी मुद्दाम एक टेहळणी विमान इटालियनांना दिसेल असं उडवलं, म्हणजे आपण विमानाच्या नजरेत आलो असंच त्यांना वाटावं. ही काळजी युद्धभर घेतली गेली.

त्या तीन पोलिश गणितज्ञांचं पुढे काय झालं?

पोलंड पडल्यावर तिघं रुमानियामार्गे फ्रान्सला पोचले आणि तिथे काम करत राहिले. रुझित्स्की जानेवारी १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात बुडालेल्या लामोरिसिएर या प्रवासी बोटीवर होते, वय ३२. रेयेव्स्की आणि झिगाल्स्की पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये गेले, तिथे तुरुंगात पडले, आणि १९४३ मध्ये कसेबसे इंग्लंडला पोचले.

इथे मला अजूनही गलबलून येतं. ज्यांनी एनिग्मा फोडला ती दोन माणसं इंग्लंडमध्ये होती, ब्लेचलीपासून फार लांबही नाही. त्यांना ब्लेचलीत घेतलं नाही. किरकोळ, हातानं बनवलेल्या संकेतांचं काम देऊन बाजूला बसवलं. आपल्या कामाचं पुढे काय झालं हे त्यांना सांगितलंही गेलं नाही. रेयेव्स्की १९४६ मध्ये बायकामुलांकडे पोलंडला परतले आणि बिडगॉश्च या आपल्या गावी कारखान्यात हिशेबाचं काम करू लागले. वीस वर्षं ते याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. झिगाल्स्की इंग्लंडमध्येच राहून गणित शिकवत होते. आणि श्मिट? त्याला १९४३ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी तो कोठडीत मेला.

एनिग्मा फुटला होता, तर १९४२ मध्ये पाणबुड्यांनी एवढा कहर का केला?

कारण १ फेब्रुवारी १९४२ ला अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांनी तीनऐवजी चार चक्रांचा एनिग्मा वापरायला सुरुवात केली. बराक ८ एका दिवसात आंधळी झाली. पुढचे दहा महिने जवळपास काहीही वाचता आलं नाही. ब्रिटनचं अन्न, तेल, दारूगोळा सगळं समुद्रमार्गे यायचं. नोव्हेंबर १९४२ या एका महिन्यात पाणबुड्यांनी शंभराहून अधिक जहाजं बुडवली.

मग अंधार हटला कसा?

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाला, ३० ऑक्टोबर १९४२ च्या रात्री.

एचएमएस पेटार्ड आणि सोबतच्या ब्रिटिश विनाशिकांनी यू-५५९ या जर्मन पाणबुडीचा दिवसभर पाठलाग केला होता. रात्री दहाच्या पुढे ती वर आली, आणि खलाशांनी पाणी आत सोडून तिला सोडून दिलं. पेटार्डवरचे लेफ्टनंट टोनी फॅसन आणि खलाशी कॉलिन ग्रेझियर यांनी अंगावरचे कपडे काढून समुद्रात उडी घेतली आणि पोहत पाणबुडीवर चढले. मागून टॉमी ब्राउन पोचला. तो लढाऊ खलाशी नव्हता. जहाजावरच्या कँटीनमध्ये मदतनीस होता, वय वर्षं १६, तेही खोटं सांगून भरती झालेला.

आत दिवे मालवलेले, पाणी चढत चाललेलं. फॅसन आणि ग्रेझियर कप्तानाच्या खोलीतून वह्या-कागद काढत होते, ब्राउन शिडीवरून ते वर नेऊन होडीतल्या माणसांच्या हातात देत होता. यातले काही कागद पाण्यात शाई विरघळेल असे छापलेले होते, म्हणून कोरडे ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. ब्राउन वर-खाली करत राहिला. शेवटी वरून आवाज दिला गेला, आता बाहेर या. दोघं शिडीपर्यंत आले होते. तेवढ्यात पाणबुडी एकदम खाली गेली. ब्राउन पाण्यात उडी मारून वाचला. ते दोघं वर आले नाहीत.

त्या कागदांत हवामानाचे छोटे संदेश पाठवायची संकेतवही होती. हे संदेश पाठवताना यंत्राचं चौथं चक्र निष्क्रिय स्थितीत ठेवलं जाई, म्हणजे चार चक्रांचं यंत्र तेवढ्यापुरतं तीन चक्रांचं होई. आणि हवामानाच्या संदेशात काय असणार याचा अंदाज बांधता येत होता. १३ डिसेंबर १९४२ ला ब्लेचलीत पाणबुड्यांचे संदेश पुन्हा वाचता येऊ लागले. पुढच्या वसंतात अटलांटिकची लढाई फिरली. त्याला लांब पल्ल्याची विमानं, नवी रडार यंत्रणा अशी इतरही कारणं आहेत, पण पाणबुड्यांच्या टोळ्या कुठे दबा धरून बसल्या आहेत हे कळणं हे त्यातलं मोठं कारण.

फॅसन आणि ग्रेझियर यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. कशासाठी, ते त्यांच्या घरच्यांना कित्येक दशकं नीट कळलं नाही. ब्राउनला जॉर्ज मेडल जाहीर झालं, पण त्या गडबडीत त्याचं खरं वय उघडं पडलं आणि त्याला घरी पाठवलं. १९४५ मध्ये नॉर्थ शील्ड्समधल्या त्याच्या घराला आग लागली. धाकट्या बहिणीला वाचवायला तो आत शिरला आणि त्यातच गेला. तेव्हाही तो विशीचा झाला नव्हता.

कोलोसस हा संगणक एनिग्मा फोडायला बनवला होता ना?

नाही, आणि हा गैरसमज छापील पुस्तकांतही दिसतो. एनिग्मासाठी बॉम्ब यंत्रं होती. कोलोसस बनला लॉरेन्झ या पूर्णपणे वेगळ्या जर्मन यंत्रासाठी. एनिग्मा मोर्ससाठी आणि रणभूमीवरच्या रोजच्या संदेशांसाठी. लॉरेन्झ टेलिप्रिंटरला जोडलेला असे, आणि त्यावरून खुद्द हिटलरचं मुख्यालय आणि मोठमोठे सेनापती बोलत. त्याला एकूण १२ चक्रं होती. ब्रिटिशांनी त्याला 'टनी' असं माशाचं नाव दिलं होतं.

एनिग्माचं यंत्र तरी ब्रिटिशांच्या हाती होतं. लॉरेन्झ त्यांनी युद्ध संपत येईपर्यंत डोळ्यांनीही पाहिला नाही.

न पाहिलेल्या यंत्राची रचना कशी काय कळली?

दोन माणसांमुळे आणि एका आळसामुळे.

३० ऑगस्ट १९४१ ला एका जर्मन यंत्रचालकानं जवळपास ४,००० अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडून उत्तर आलं, नीट मिळाला नाही, पुन्हा पाठव. त्यानं चक्रं पुन्हा आधीच्याच जागी आणली, जे कडक बंदीचं होतं, आणि पुन्हा टंकायला लागला. पण एवढं सगळं पुन्हा टंकायचा कंटाळा. आपण 'संदेश क्रमांक' लिहायच्या ऐवजी 'सं. क्र.' लिहू, तसं त्यानं दुसऱ्या वेळी लघुरूपं वापरली. पहिल्याच शब्दात काही अक्षरं कमी झाली आणि पुढचा सगळा मजकूर सरकला.

हुबेहूब तोच संदेश दोनदा आला असता तर काहीच हाती लागलं नसतं. पण किल्ली, म्हणजे यंत्र मजकुरात मिळवतं ती अक्षरांची माळ, तीच आणि मजकूर किंचित वेगळा! असे दोन संदेश एकमेकांत मिळवले की किल्ली कटते आणि दोन मजकुरांची सरमिसळ उरते. कर्नल जॉन टिल्टमन यांनी कागद-पेन्सिल घेऊन, शब्द ताडत, दहा दिवसांत दोन्ही मजकूर वेगळे केले. त्यातून किल्लीची जवळपास ४,००० अक्षरं मिळाली. नुसती अर्थहीन अक्षरं. ती कोणत्या यंत्रातून निघाली?

काही महिने कुणाला काही जमेना. मग ते बाड बिल टट या २४ वर्षांच्या मुलासमोर ठेवलं गेलं. बाप माळी, आणि पोरगा शिष्यवृत्त्यांवर केंब्रिजला रसायनशास्त्र शिकून आलेला. त्यांनी काय केलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरून समजून घेता येतं. तारखा सात-सातच्या ओळींत लिहिल्या तर सगळे रविवार एकाखाली एक येतात. आठ-आठच्या ओळींत लिहिल्या तर रविवार तिरके सरकत जातात. टेलिप्रिंटरचं प्रत्येक अक्षर पाच खुणांचं असतं. टट यांनी किल्लीतल्या प्रत्येक अक्षराची एकच खूण, म्हणजे पाचातला एक प्रवाह घेतला, नुसते ठिपके आणि फुल्या, आणि आखीव कागदावर ५७५ च्या ओळींत मांडला. तो आकडा २३ गुणिले २५ वरून अंदाजानं घेतलेला. एकाखाली एक काही जुळेना. पण तिरक्या रेषेत पुनरावृत्ती दिसू लागली. म्हणजे ५७४ घ्यायला हवे. ५७४ चा एक अवयव ४१. ४१ च्या ओळींत लिहिलं, आणि पानभर जुळणारे तुकडे उठून दिसले. पहिल्या चक्राला ४१ दाते आहेत!

तिथून पुढे सहकाऱ्यांसह जानेवारी १९४२ पर्यंत बाराही चक्रांची रचना कागदावर उभी राहिली. टट पुढे कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात गेले आणि आलेख सिद्धान्तातले मोठे गणितज्ञ म्हणून नावाजले. या कामाबद्दल मात्र १९९० च्या दशकापर्यंत त्यांना बोलता आलं नाही. २००२ मध्ये ते गेले.

टॉमी फ्लॉवर्स कोण?

पोस्ट खात्यातले इंजिनिअर. ब्रिटनमध्ये तेव्हा टेलिफोनही पोस्ट खात्याकडेच होते. १९०५ मध्ये पूर्व लंडनमधल्या पॉप्लर या कामगार वस्तीत जन्म, वडील गवंडी. दिवसा उमेदवारी करत, रात्रीच्या वर्गांना जाऊन पदवी मिळवली आणि लंडनच्या डॉलिस हिल इथल्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात लागले.

लॉरेन्झची रचना कळली तरी रोजची चक्रांची स्थिती शोधायला प्रचंड मोजदाद लागायची. त्यासाठी १९४३ मध्ये ब्लेचलीत गणितज्ञ मॅक्स न्यूमन यांच्या विभागात एक यंत्र आलं होतं, त्यात कागदाच्या दोन छिद्रपट्ट्या एकाच गतीनं फिरायला लागत. पट्ट्या ताणल्या जात, फाटत, पुढेमागे होत. फ्लॉवर्स यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, एक पट्टी काढूनच टाकू. तिचं काम व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, करतील. किती व्हॉल्व्ह? दीड हजाराच्या वर.

ब्लेचलीतल्या जाणत्यांनी माना हलवल्या. ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना हे लगेच समजेल. तो तापायला वेळ घ्यायचा आणि व्हॉल्व्ह उडाला की दुरुस्तीवाल्याकडे फेरी ठरलेली. दीड हजारांतला एक ना एक सतत उडत राहणार, यंत्र चालणार कधी? पण फ्लॉवर्स यांनी टेलिफोनच्या यंत्रणेत हजारो व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं चालवले होते. त्यांना माहीत होतं, की व्हॉल्व्ह जातो तो चालू-बंद करताना. कायम चालू ठेवला, मर्यादेपेक्षा कमी दाबावर ठेवला, तर तो वर्षानुवर्षं टिकतो. विजेचा बल्बही सारखा लावला-विझवला की लवकर जातो, तसंच हे. प्राध्यापकांकडे नसलेली ही गोष्ट एक्सचेंजमधल्या माणसाकडे होती. लहानपणी वडिलांबरोबर मी एक्सचेंजच्या खोलीत जायचो. तिथली यंत्रं रात्री-बेरात्री, सणासुदीला कधीही बंद करत नसत. फ्लॉवर्स यांची ही युक्ती वाचली तेव्हा मला तीच खोली आठवली.

ब्लेचलीचा पाठिंबा तोंडदेखलाच होता. फ्लॉवर्स यांनी आपल्या वरिष्ठांच्या भरवशावर डॉलिस हिलमध्येच काम सुरू केलं आणि गरज पडली तिथे स्वतःच्या खिशातले पैसे घातले. साधारण ११ महिन्यांत यंत्र तयार झालं. जानेवारी १९४४ मध्ये ते ब्लेचलीला आलं आणि ५ फेब्रुवारीला त्यानं पहिला खरा संदेश हाताळला. एकच कागदी पट्टी, सेकंदाला ५,००० अक्षरं वाचली जात होती. सुधारित कोलोसस, २,४०० व्हॉल्व्हचा, १ जून १९४४ ला चालू झाला. पाच दिवसांनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या. खरा हल्ला कॅले या दुसऱ्या फ्रेंच बंदराच्या बाजूनं होणार या भ्रमात हिटलर होता, हे दोस्तांना या संदेशांतून कळत होतं. युद्ध संपेपर्यंत दहा कोलोसस चालू होते.

कोलोसस जगातला पहिला संगणक म्हणायचा का?

पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक म्हणायला हरकत नाही. तारा आणि खटके बदलून त्याचं काम बदलता यायचं. आजच्यासारखा साठवलेला प्रोग्रॅम त्यात नव्हता, आणि तो एकाच प्रकारच्या कामासाठी रचलेला होता. अमेरिकेतला एनिअ‍ॅक फेब्रुवारी १९४६ मध्ये जगासमोर आला आणि सगळी पाठ्यपुस्तकं तिथून सुरू झाली.

ब्लेचलीत स्त्रिया काय करत होत्या?

तिथल्या दर चार माणसांत तीन स्त्रिया होत्या. बॉम्ब आणि कोलोसस दोन्ही यंत्रं प्रत्यक्षात चालवणाऱ्या नौदलाच्या महिला दलातल्या मुली होत्या. तेलकट, कानठळ्या बसवणाऱ्या खोल्यांत, तिन्ही पाळ्यांत.

संकेत फोडणाऱ्या स्त्रियाही होत्या. बराक ८ मधल्या जोन क्लार्क केंब्रिजच्या गणितज्ञ, ट्युरिंग यांच्या बरोबरीनं काम करणाऱ्या. पण सरकारी नियमांत संकेततज्ज्ञ स्त्रीसाठी पदच नव्हतं. त्यांचा पगार वाढवायचा म्हणून त्यांना भाषातज्ज्ञ या पदावर चढवलं गेलं. पुढे एका अर्जावर त्यांनी भरलं: पद, भाषातज्ज्ञ; येणाऱ्या भाषा, एकही नाही. १९४४ मध्ये त्या बराक ८ च्या उपप्रमुख झाल्या.

चर्चिलनी गुपित राखण्यासाठी कॉव्हेंट्री शहर जळू दिलं, हे खरं का?

याला पुरावा नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या हल्ल्याआधी मोठा हवाई हल्ला होणार एवढं कळलं होतं. फुटलेल्या संदेशात लक्ष्याचं सांकेतिक नाव होतं, पण ते नाव म्हणजे कॉव्हेंट्री हे वेळेत कुणी ओळखलं नव्हतं.

ब्लेचलीमुळे युद्ध दोन वर्षांनी लवकर संपलं, हे कितपत खरं?

हा अंदाज हॅरी हिन्स्ले यांचा. ते स्वतः ब्लेचलीत होते आणि पुढे ब्रिटिश गुप्तवार्तेचा अधिकृत इतिहास त्यांच्या देखरेखीखाली लिहिला गेला. त्यामुळे त्याला वजन आहे, पण आहे तो अंदाजच. मी व्याख्यानात हा आकडा सांगायचं टाळतो. यू-५५९ वर बुडालेली दोन माणसं आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी उजळलेला नकाशा, एवढं मला पुरेसं वाटतं.

या सगळ्यात भारत कुठे होता?

होता. जपानी संदेशांसाठी दिल्लीत आनंद पर्वतावर, रामजस कॉलेजच्या इमारतीत, एक मोठं केंद्र चालत होतं. 'वायरलेस एक्सपेरिमेंटल सेंटर' असं निरुपद्रवी नाव. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी तिथलं काम मोलाचं ठरलं. पुढे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत तेनसिंग यांच्याबरोबर असलेले विल्फ्रिड नॉइस तिथेच संकेत फोडत होते. नौदलाचं केंद्र सिंगापूरहून कोलंबोला, तिथून केनियात आणि परत कोलंबोला असं हललं. आणि लॉरेन्झचा तो पहिला दुहेरी संदेश सोडवणारे टिल्टमन १९२० च्या दशकात सिमल्यात बसून रशियन संकेत फोडत होते.

एवढी वर्षं हे गुप्त का राहिलं?

युद्ध संपलं आणि लगेच शीतयुद्ध सुरू झालं. आपण काय काय वाचू शकतो हे ब्रिटनला कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. बहुतेक कोलोसस मोडून टाकले, दोन तेवढे ठेवले. ब्लेचलीतल्या प्रत्येकानं गुप्ततेच्या कायद्यावर सही केली होती. तिथेच काम केलेल्या नवरा-बायकोनंही एकमेकांना वेगळ्या बराकीतलं काम सांगितलं नाही, अशी उदाहरणं आहेत. एनिग्माची गोष्ट १९७४ मध्ये उघड झाली, कोलोससची छायाचित्रं त्यानंतर वर्षभरानं, आणि टनीचा संपूर्ण अहवाल थेट २००० मध्ये. गॉर्डन वेल्चमन यांनी १९८२ मध्ये आपल्या कामावर पुस्तक लिहिलं, तर त्यांची गोपनीय कामाची परवानगी काढून घेतली गेली.

फ्लॉवर्स यांना श्रेय मिळालं का?

युद्धानंतर सरकारनं त्यांना १,००० पौंड दिले. खिशातून घातलेले पैसेही त्यात भरून निघाले नाहीत, आणि त्यातलाही वाटा त्यांनी सहकाऱ्यांना दिला. कोलोसससारखंच आणखी एक यंत्र बनवायला त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितलं. असं यंत्र चालूच शकणार नाही, म्हणून नकार आला. मी ते आधीच बनवलेलं आहे, हे सांगायची त्यांना मुभा नव्हती. पुढे वरून हुकूम आला तेव्हा कोलोससचे आराखडे त्यांनी डॉलिस हिलच्या भट्टीत स्वतःच्या हातानं जाळले.

घरच्यांना एवढंच माहीत होतं, की युद्धात काहीतरी गुप्त आणि महत्त्वाचं काम केलं. १९९० च्या दशकात टोनी सेल या इंजिनिअरनं काही छायाचित्रं आणि जुन्या इंजिनिअरांच्या आठवणी यांच्या आधारे ब्लेचलीत कोलोसस पुन्हा उभारायला घेतला, तेव्हा फ्लॉवर्स हयात होते आणि मदतीला आले. तो आज ब्लेचलीच्या आवारातल्या संगणक संग्रहालयात चालू अवस्थेत बघायला मिळतो. ऑक्टोबर १९९८ मध्ये फ्लॉवर्स गेले. त्याआधी, १९९३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, लंडनच्या हेंडन कॉलेजात त्यांनी घरगुती संगणक वापरायचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. त्याचं प्रमाणपत्र त्यांना मिळालं.